पहिला थरारपट करताना

विखारी नात्यात अडकलेल्या तरुणीवरची, तुमच्या पहिल्या थरारपटाची कथा वाचली आणि हा विषय निवडण्याचे धाडस मला मनापासून आवडले. सुरुवातीला एक गोष्ट पक्की करा: विखारी नात्यातला थरार मारहाणीपेक्षा काळजीच्या रूपाने येणाऱ्या नियंत्रणात असतो. 'पोहोचलीस का?' याचे 'लोकेशन पाठव' होते, मग मोबाइलचा पासवर्ड मागितला जातो, आणि नायिकेच्या बोलण्यातून मैत्रिणींची नावे हळूहळू नाहीशी होतात. पहिल्याच प्रसंगात तिच्या जोडीदाराने हात उगारला, तर ती त्याच्याजवळ का थांबली हे प्रेक्षकाला उमगत नाही; नवोदितांची ही सर्वांत मोठी चूक आहे.

चित्रीकरणासाठी नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातले एखादे वन रूम किचन पुरेसे आहे, कारण अरुंद जागा तुमच्या कथेच्याच बाजूने आहे. रेल्वे स्थानकावर मात्र परवानगीशिवाय चित्रीकरण करू नका.

कॅमेऱ्यापेक्षा आवाजावर खर्च करा, आणि प्रत्येक खोलीतली शांतता किमान ३० सेकंद ध्वनिमुद्रित करा. संकलनात संवादांमधले खड्डे तीच बुजवते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकताना दिसू शकते.

झटापटीचे प्रसंग कलाकारांच्या संमतीने, तालीम करूनच घ्या. आयत्या वेळी त्यात काहीही वाढवू नका. लेन्स आणि रंगसंस्कार (संकलनानंतर दृश्यांचे रंग ठरवणे) यांचा विचार तूर्त बाजूला ठेवा.