धर्मराजाचे खोटे आणि अस्तंभ्याचे यात्रेकरू

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. धनत्रयोदशीला तळोद्याच्या रस्त्याने अस्तंभ्याकडे निघालेले यात्रेकरू पाहून तू मामाला विचारलेस की, ज्या अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्या छावणीवर धाड घालून द्रौपदीची पाचही मुले मारली, त्याच्या डोंगरावर लोक जयजयकार करीत का जातात. मामाने उत्तरादाखल द्रोणाचार्यांच्या वधाची कथा सांगितली आणि तुझा प्रश्न मिटण्याऐवजी वाढला. तू लिहितेस, "आजी म्हणते काही झाले तरी खोटे बोलू नये. मग तिच्याच देवघरातल्या श्रीकृष्णाने धर्मराजाला खोटे बोलायला लावले ते बरोबर कसे? देवाने फसवले तर चालते का?"

माझे मत आधीच सांगते. देवाने केली एवढ्याच कारणाने कोणतीही फसवणूक योग्य ठरत नाही. एखाद्या प्रसंगी ती करावी लागते, क्वचित न करणे हेच पाप ठरते, तरीही ज्याची फसवणूक झाली त्याचे देणे फसवणाऱ्याच्या नावावर उरतेच. हे मी घरापासून इतक्या दूर मेलबर्नला बसून काढलेले शहाणपण आहे असे समजू नकोस. महाभारत नीट वाचले की व्यासांनीच हे ठिकठिकाणी लिहून ठेवलेले दिसते, आणि आपल्या खानदेशातली माणसे ते न वाचताही आचरणात आणतात.

प्रसंग पुन्हा एकदा बारकाईने पाहू, कारण मामाने तो कीर्तनात सांगतात तसा सांगितला असणार. युद्धाचा पंधरावा दिवस होता. भीष्म दहाव्या दिवशी पडल्यानंतर द्रोण सेनापती झाले होते आणि अस्त्रविद्येचा गंधही नसलेल्या साध्या सैनिकांवर ते ब्रह्मास्त्र चालवीत होते. त्यांच्या हातात शस्त्र असेतोवर त्यांना कोणी मारू शकत नव्हते. तेव्हा श्रीकृष्णाने सुचवले की अश्वत्थामा मेला असे त्यांना कोणीतरी सांगावे. अर्जुनाला हे मुळीच रुचले नाही, इतरांना रुचले, आणि युधिष्ठिराने ते मोठ्या कष्टाने मान्य केले. भीमाने आपल्याच पक्षातल्या मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि द्रोणांसमोर जाऊन, मनात लाजत, अश्वत्थामा मेल्याचे ओरडून सांगितले. द्रोण हादरले, पण मुलाचा पराक्रम त्यांना माहीत होता, त्यामुळे भीमावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तिन्ही लोकांचे राज्य मिळत असले तरी हा मुलगा खोटे बोलणार नाही, अशी त्यांची लहानपणापासूनची खात्री होती. द्रोण आणखी अर्धा दिवस असेच लढले तर सेना शिल्लक राहणार नाही, असे श्रीकृष्ण त्याला सांगत होते. युधिष्ठिर "अश्वत्थामा मेला" एवढे मोठ्याने बोलला आणि "हत्ती" हा शब्द अस्पष्ट पुटपुटला. कीर्तनकार इथे श्रीकृष्णाला शंख फुंकायला लावतात, म्हणजे धर्मराजाकडे निम्माच दोष जातो. व्यासांनी ही सवलत त्याला दिलेली नाही. तो शब्द त्याने स्वतःच गिळला.

तुझा राग श्रीकृष्णावर आहे म्हणून त्याची बाजू आधी ऐकू. ती सर्वांत स्पष्टपणे कर्णपर्वात येते. गांडीवाचा अपमान करणाऱ्याला ठार मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती, आणि रागाच्या भरात तो अपमान खुद्द युधिष्ठिराकडून झाला. अर्जुन मोठ्या भावावर तलवार उपसून उभा राहिला तेव्हा श्रीकृष्णाने त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगितली. कौशिकाने सदैव खरे बोलण्याचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांना भिऊन पळणारी काही माणसे त्याच्यासमोरून झाडीत लपली. मागून आलेल्या दरोडेखोरांनी विचारले आणि व्रत मोडू नये म्हणून कौशिकाने झाडीकडे बोट दाखवले. ती सगळी माणसे मारली गेली, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. श्रीकृष्णाच्या म्हणण्याचा आशय असा की, ज्याने जीवमात्रांचे धारण होते तो धर्म, आणि स्वतःच्या व्रताची पावित्र्यरक्षा करण्यासाठी दुसऱ्याचे प्राण जाऊ देणारा माणूस धर्म जाणतच नाही. युरोपात इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली याच्या बरोबर उलट लिहिले. खुनी माणसाने लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारला तरी खोटे बोलण्याचा अधिकार कोणाला नाही, असे त्याचे मत होते. ह्या वादात मी निःसंकोच श्रीकृष्णाच्या बाजूने आहे, आणि तुझी आजीही असेल. दंगलीत कोणी घरात आसऱ्याला आले आणि बाहेरच्या जमावाने विचारले, तर घरात कोणी नाही असे सांगताना तिची जीभ अडखळणार नाही.

परंतु द्रोण हे त्या कथेतले दरोडेखोर आहेत का? इथे मला श्रीकृष्णाचा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. सैनिक मरत होते हे खरे, आणि आकाशातून आलेल्या ऋषींनीही द्रोणांना त्याबद्दल दोष दिला असे व्यास सांगतात. तेवढ्यापुरते त्यांना थांबवणे आवश्यक होते. मात्र दरोडेखोर कौशिकावर माया करीत नव्हते. द्रोण युधिष्ठिराकडे गुरू म्हणून, त्याच्या शब्दावर जीव टाकून वळले होते. भीमाचे खोटे द्रोणांनी झिडकारले. युधिष्ठिराचे खोटे लागू पडले ते त्याच्या आयुष्यभराच्या खरेपणामुळे. विश्वास हेच हत्यार करून केलेली फसवणूक मला सर्वांत वाईट वाटते. त्यातून पुढे घडले तेही वाईटच. शस्त्र टाकून ध्यानस्थ बसलेल्या वृद्धाचे डोके धृष्टद्युम्नाने केस धरून कापले, आणि त्यांना जिवंत आणा, मारू नका, असे अर्जुन ओरडत राहिला.

आता व्यास काय करतात ते पाहा. युधिष्ठिराचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. त्या वाक्यासरशी तो जमिनीला टेकला. त्याच दिवशी अर्जुन त्याला तोंडावर सुनावतो की, वालीच्या वधामुळे रामाला जसा कायमचा डाग लागला तसा द्रोणांमुळे तुला लागेल. म्हणजे रामाच्या त्या बाणाची चर्चाही महाभारताच्या काळापर्यंत संपलेली नव्हती. भीमाने गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाची मांडी फोडली, तेव्हा मरता मरता दुर्योधन श्रीकृष्णाला त्याची एकेक लबाडी मोजून दाखवतो आणि आकाशातून फुले पडतात ती दुर्योधनावर; पांडव लाजून उभे राहतात. कौरवांकडचे हे वीर सरळ लढाईत जिंकले जाणारे नव्हते, असे श्रीकृष्ण पांडवांना उघड सांगतो. आम्ही काही गैर केलेच नाही असे तो म्हणत नाही. गांधारीने शाप दिला तेव्हाही त्याने तो नाकारला नाही आणि छत्तीस वर्षांनी यादव आपापसांत लढून संपले. शेवटी स्वर्गाच्या दाराशी युधिष्ठिराला नरक दाखवला जातो, आणि इंद्र कारण सांगतो की, तू द्रोणांना त्यांच्या मुलाविषयी कपटाने फसवलेस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. देवाच्या सांगण्यावरून बोललेले खोटे, आणि तरी त्याचा हिशेब सुटला नाही. धर्मग्रंथातले लोक वागले म्हणून आपणही वागावे, असे म्हणणाऱ्याने एवढे वाचूनच बोलावे. कापूस मोजताना काटा मारणारा व्यापारी "श्रीकृष्णानेही केलेच की" म्हणतो तेव्हा मला मनापासून चीड येते, कारण त्याला श्रीकृष्णाची सूट हवी असते, पण गांधारीचा शाप नको असतो.

अश्वत्थाम्याकडे वळू. बाप कपटाने मारला गेला म्हणून त्याने जे केले त्याला क्षमा नाही, आणि श्रीकृष्णाने ती केलीही नाही. कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि तीन हजार वर्षे एकट्याने रानोमाळ भटकण्याचा शाप मिळाला. सातपुड्यातली माणसे मानतात की तो अजून अस्तंभ्याच्या परिसरात भटकतो, कपाळाच्या जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूला वाट दाखवतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातला हा डोंगर १,३२५ मीटर उंच आहे, चढ खडा आहे, आणि ऐन दिवाळीत घरचे दिवे सोडून लोक तिथे जातात. महाराष्ट्रातूनच जातात असे नाही, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही येतात. त्यांच्यापैकी कोणीही अश्वत्थाम्याने केले ते बरे केले असे म्हणत नाही. तो अपराधी आहे, तसाच तो फसवला गेलेल्या बापाचा मुलगाही आहे, आणि ज्या खोट्याने ही सगळी साखळी सुरू झाली त्यातला जिवंत उरलेला माणूस तोच आहे. त्याच्या जखमेची आठवण ठेवणे आणि देवघरातल्या श्रीकृष्णाला तुळस वाहणे, ह्या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच घरात होतात. तुला ही विसंगती वाटली. मला ही आपल्या माणसांची न्यायबुद्धी वाटते.

ह्याच दिवाळीत तू आणखी एक उदाहरण ऐकले असशील. आजीने ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" असे म्हटले असेल. बळीला पाताळात धाडणारा वामन हा विष्णूचाच अवतार. आपण विष्णूची पूजा करतो आणि मागतो मात्र बळीचे राज्य. तरी बळीची आणि द्रोणांची फसवणूक मी एका मापाने मोजणार नाही. समोरचा बटू कोण आहे हे शुक्राचार्यांनी बळीला आधीच सांगितले होते आणि ते ऐकूनही त्याने दान दिले. तू पत्रात शेवटी कर्णाच्या कवचकुंडलांबद्दल विचारले आहेस, तिथेही तसेच आहे. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येणार हे सूर्याने कर्णाला स्वप्नात सांगून ठेवले होते. कर्णाने ओळखून दिले आणि बदल्यात शक्ती मागून घेतली. इंद्राची नियत वाईट होती, ह्यात शंका नाही. पण ज्याला सारे ठाऊक आहे आणि नाही म्हणण्याची मुभा आहे, त्याचे दान लुबाडणूक ठरत नाही. द्रोणांना ही संधी मिळालीच नाही.

पुढच्या आठवड्यात मामा तुला एरंडोल आणि पद्मालयाला नेणार आहे असे कळले, म्हणून एक प्रसंग मुद्दाम सांगते. एरंडोल म्हणजेच एकचक्रा नगरी असे आपल्याकडे मानतात, आणि पद्मालयाजवळचे भीमकुंड तुला दाखवतील, तेव्हा बकासुराची गोष्ट सांगतील. पांडव तिथे ब्राह्मणांच्या वेषात लपून राहिले होते. लपून राहणे ही फसवणूकच, पण जीव वाचवण्यासाठी केलेली, आणि वेषांतरामुळे त्या नगरीचे काही बिघडले नाही, उलट तिची सुटकाच झाली. त्यात मला दोष दिसत नाही. मात्र ते लपू शकले ते कशामुळे हे कोणी सांगत नाही. वारणावताच्या लाक्षागृहात त्या रात्री कुंतीने जेवण घातले होते, त्याला एक निषाद बाई आपल्या पाच मुलांसह आली होती. ती सहाही जणे दारू पिऊन तिथेच झोपली आणि भीमाने घराला आग लावली. सकाळी सहा जळालेले देह सापडले, म्हणून पांडव मेले अशी सर्वांची समजूत झाली. द्रोणांसाठी रथ जमिनीला टेकला, अर्जुन भांडला, स्वर्गाच्या दारात जाब विचारला गेला. ह्या बाईसाठी आणि तिच्या मुलांसाठी महाभारतात कोणी एक प्रश्नही विचारत नाही. काळानेच तिला तिथे आणले, एवढे म्हणून कथा पुढे जाते. जीव वाचवणे हे मोठे कारण आहे हे मी वर मान्य केले आहे. पण ज्यांचा वैराशी काही संबंध नव्हता अशा सहा झोपलेल्या माणसांच्या प्रेतांवर रचलेल्या फसवणुकीचे समर्थन मी करू शकत नाही, ती करणारे पांडव असले तरीही.

आजीला हा प्रश्न विचारायला भिऊ नकोस. कौशिकाची कथा तिला बहुधा ठाऊक असेल, निषाद बाईची कदाचित नसेल. तूच तिला सांग आणि ती काय म्हणते ते मला सविस्तर लिही. मामाला नमस्कार सांग, आजीला साष्टांग नमस्कार.

तुझी,
आई