लोक पितात ते तपास

फोंडा, श्रावण

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यावर रात्रभर झोप नाही. तुझ्या गुळवेलीच्या अर्काच्या 28 दिवसांच्या चाचणीत मोठ्या मात्रेच्या गटातल्या उंदरांचं एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावलं की रक्तात वाढतं ते, चढलं आणि तुला आठवली ती आजी. वाळपईपलीकडच्या वाड्याला ती वर्षानुवर्षं गुळवेलीचा काढा देते. तिच्याच नातीने त्याला यकृताचं विष म्हणायचं का?

रडून झालं असेल तर एक सांग. आजी गुळवेल सॉक्सलेटमध्ये, त्या अर्क काढायच्या काचेच्या यंत्रात, घालते काय?

ती बोटभर खोड ठेचून बुडकुल्यात टाकते आणि चार कप पाण्याचं एक कप करते. तू त्याची पूड केलीस, अल्कोहोलमध्ये अर्क काढलास, आटवलास आणि किलोमागे हजार मिलिग्रॅम नळीने घशात सोडलास. निघालं ते खरंच आहे. गाईड म्हणतात तसा मोठा गट वगळून लिहू नकोस, सगळं लिही. पण ते तुझ्या अर्काबद्दल लिही. पाण्यात न उतरणारं पुष्कळ काही अल्कोहोलात उतरतं, हे शेवटच्या वर्षाला मीच शिकवलं ना तुला? आणि लगेच हसू नकोस. आजी सुटली असंही नाही, तिचा काढा तू अजून तपासलेलाच नाहीस. लोक पितात ते तपास, बाय.

खोड कुठलं विचारलं तर म्हणालीस, बाजारातून, वाळलेलं. तिथे माझं डोकं फिरलं. तुझ्यावर ओरडलो, पण तो राग जुना आहे.

नोकरीला लागलो तेव्हा माझा विषय पांढऱ्या कुड्याची साल, हगवणीवरची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पोतंभर साल आणली. दीड वर्ष काम केलं. रक्त, यकृत, मूत्रपिंडाचे काप, सगळं नितळ. निबंध लिहायला बसलो आणि का कोण जाणे, उरलेल्या सालीचा तुकडा तोंडात टाकला. पांढऱ्या कुड्याची साल चघळली तर कडवटपणा जेवण झालं तरी जात नाही. ही लागली सुक्या लाकडासारखी. काळा कुडा! शेंगा असत्या तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. काळ्याच्या जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. पण पोत्यातल्या सालीला शेंगा कुठून येणार? पान-फूल दाबून ठेवलेला नमुना नाही, म्हणजे माझा संशय खरा की खोटा हेही ठरवता येईना. वरिष्ठ म्हणाले, छापून टाक, कोण चाखून बघतोय. मी छापलं नाही. बढती चार वर्षं रखडली, घरात त्याचा टोमणा अजून ऐकतो. बरोबरच केलं मी. एवढी वर्षं स्वतःला तेच सांगतोय. उंदरांचे जीव मात्र फुकट गेले, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद छापली. करोनाच्या दिवसांत गुळवेल घेतली आणि यकृताला इजा झाली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेलीसारखीच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीशी गल्लत होते. वाद कुठे येऊन अडकला बघ: वेल कुठली? आपल्या घाटात तर तिसरीही आहे, टिनोस्पोरा सायनेन्सिस, पानाखाली लव असलेली. आजीच्या वेलीचं पान उलटं करून बोट फिरव. मऊ लव लागली तर मला लगेच फोन कर, रात्रीचे बारा वाजलेले असले तरी.

आणि किलोमागे 2000 मिलिग्रॅमच्या एका मात्रेला 14 दिवसांत एकही उंदीर मेला नाही म्हणून ‘सुरक्षित’ लिहिणाऱ्यांच्या पंगतीत तू बसू नकोस. 1990 नंतर बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी सारख्या नावाची अॅरिस्टोलोकिया गेली. शंभरावर लोकांची मूत्रपिंडं बिघडली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तेही हळूहळू. आपली सापसंदसुद्धा अॅरिस्टोलोकियाच, आणि ती अजून उगाळून देतात. लोक जितके दिवस पितात तितक्या दिवसांचा विचार कर. पुन्हा तेच सांगतोय, कंटाळलीस तरी सांगणार.

तेव्हा या आठवड्यात घरी जा. पाऊस आहे, माहीत आहे. आजीला काढा करायला लाव आणि वजनकाटा घेऊन शेजारी बस. खोड किती ग्रॅम, ओलं की सुकं, पाणी किती उरलं, कोणाला किती दिवस देते, गरोदर बाईला देते का. वेल कुठल्या झाडावर चढलीय तेही लिही, आणि काजऱ्यावरची, त्या विषारी झाडावरची, ती घेते का ते विचार. अशा प्रश्नांनी तिला अपमान वाटणार नाही. आजवर तिला हे कोणी विचारलंच नाही. आजीला काय सांगू, हे मग आपण बघू. सांगण्यासारखं आज तुझ्याकडे काही नाही.

नमुना दाबलास की वर्तमानपत्रं रोज बदल, नाहीतर चवथीपर्यंत बुरशी धरेल. माझा जुना प्रेस आहे, पट्टा तुटलाय, सुंभाने बांधून ठेवलाय. शनिवारी येऊन ने.

तुझा,
सर