पहिल्यांदा सुरक्षा परिषदच घे
मुलांना एकेका देशाचे प्रतिनिधी बनवून ऑनलाइन अभिरूप संयुक्त राष्ट्रं घेणार असशील, तर सुरुवातीलाच आमसभा मांडू नकोस. १९३ देश ऑनलाइन सांभाळणं फार जड जातं. सुरक्षा परिषद घे. १५ सदस्य, ठरावाला किमान ९ मतं, पण ५ कायम सदस्यांपैकी एकाचाही नकाराधिकार ठराव पाडायला पुरेसा. पुस्तकातून हे शिकवताना मुलं नुसत्या माना डोलावतात. १४ मतं मिळूनही ठराव पडला की खवळतात, आणि खरा तास तिथून सुरू होतो, त्यामुळे लगेच समजूत घालायला जाऊ नकोस. भांडू दे त्यांना. खरी बोलणी खासगी चॅटमध्ये होतात, त्यालाच जास्त वेळ ठेव. आपली विरार-कर्जतची मुलं बरेचदा लोकलमधून मोबाइलवर जोडलेली असतात, म्हणून भाषणांपेक्षा लेखी निवेदनं बरी. संपल्यावर प्रत्येकाकडून लिहून घे: माझ्या देशाने असंच मत का दिलं?