पिटिशनच्या प्रश्नाला 'हो' लिहा, व्हिसा नाकारला गेला तरी

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मावशीने बऱ्याच वर्षांपूर्वी तुमच्या आईसाठी आय-१३० (नातेवाइकाला अमेरिकेत कायमचं नेण्यासाठीचा अर्ज, म्हणजेच इमिग्रंट पिटिशन) भरलाय, आता तुम्ही आई-बाबांच्या अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाचा अर्ज भरताय, आणि एजंट म्हणतोय की 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलं आहे का' या प्रश्नाला 'नाही' लिहा, नाहीतर रिजेक्ट होईल. माझं उत्तर: 'हो' लिहा आणि एजंट बदला. कागदपत्रांचंही विचारलंय तुम्ही, ते पुढे सांगते.

नेमका हाच वाद आमच्या घरात झालाय आणि अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मामांनी २००४ साली आईसाठी पिटिशन भरलं. एफ-४, म्हणजे अमेरिकन नागरिकाने भावंडासाठी भरायचं. जगभरासाठी वर्षाला ६५,००० जागा आणि त्यात प्रत्येक देशाला मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. आम्ही मुलं त्या यादीत होतो, पण एकविशी ओलांडली तसे बाहेर पडलो. घरात त्या अर्जाचा विषयही कुणी काढत नसे.

२०१६ मध्ये दादाला मुलगा झाला, आणि आई-बाबांनी नातवाला बघायला जायचं ठरलं. तेव्हा आमचे एक काका, बाबांचे चुलतभाऊ, मदतीला आले. ते स्वतः तीन-चारदा अमेरिकेला जाऊन आलेले, त्यामुळे नात्यात कुणाचाही व्हिसा म्हटलं की पहिला फोन त्यांनाच. त्यांच्या ओळखीच्या एजंटने डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरला. सबमिट करायच्या आधी मला पूर्ण अर्ज बघायचा होता, तर एजंट म्हणाला, कन्फर्मेशनचं पान देतो की. त्या पानावर फोटो, नाव, बारकोड अशी ओळखीपुरती माहिती असते, प्रश्नांची उत्तरं नसतात. बहुतेक घरांत तेवढंच पान फाइलला लागतं आणि आपल्या नावाने आत काय उत्तरं दिलीत ते कुणाला कळतही नाही. मी अ‍ॅप्लिकेशन आयडी मागून घेतला. तो आयडी, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मसाल आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर एवढ्यावर अर्ज उघडतो. उघडला, तर पिटिशनच्या प्रश्नाला 'नाही'. शेवटच्या पानावर 'हा अर्ज भरायला कुणी मदत केली का' असा प्रश्न असतो, त्यालाही 'नाही'. मदत करणाऱ्यानेच तसं लिहिलेलं!

मी दोन्ही बदलली. काका भडकले. त्यांचं म्हणणं, एवढ्या जुन्या कागदाचं कुणाला काय पडलंय, स्वतःहून कशाला सांगायचं. मी म्हटलं, काका, सही आईची आहे, तुमची नाही.

मुलाखत झाली आणि व्हिसा नाकारला गेला. हातात २१४(बी) या कलमाखाली नकार दिल्याचा छापील कागद. नातू सहा महिन्यांचा होईपर्यंत, वर्षाचा होईपर्यंत व्हिडिओवरच. प्रत्येक लग्नकार्यात काका सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिच्या खरेपणापायी वहिनींना नातू मांडीवर घेता आला नाही." आई काही बोलायची नाही, पण मला ते लागायचं.

आता २१४(बी) म्हणजे काय ते बघा, कारण एजंट लोक याच्याच भीतीवर धंदा करतात. अमेरिकेचा कायदा धरूनच चालतो की समोरचा माणूस कायमचा राहायला येतोय. नाही, मी परत जाणार, हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. पिटिशन असेल तर ते पटवणं जड जातं, हे मी नाकारत नाही. पण पिटिशन असूनही टुरिस्ट व्हिसा मिळतो, आणि २१४(बी) चा नकार कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की पुन्हा फी भरा, पुन्हा अर्ज करा. २०२३ पासून ही फी माणशी १८५ डॉलर आहे आणि नकार आला तरी परत मिळत नाही, हे मात्र धरून चाला.

खोटं पकडलं गेलं तर कलम वेगळं लागतं, २१२(ए)(६)(सी). व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असा शिक्का बसला की तो जन्मभराचा. पुढे ग्रीन कार्डसाठी त्यातून माफी मागायची तर अर्जदाराचा नवरा, बायको, आई किंवा वडील यांपैकी कुणीतरी अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतो. पोटचा मुलगा नागरिक असला तरी तो यात धरत नाहीत. म्हणजे उद्या तुम्ही तिकडे नागरिक झालात आणि आईला कायमचं न्यायचं ठरवलंत, तर आज लिहिलेलं 'नाही' तुमच्याच आड येणार, आणि तेव्हा हा एजंट फोनही उचलणार नाही.

आणि पकडलं जाणं अवघड आहे असं कुणाला वाटत असेल तर मला नवल वाटतं. मंजूर झालेलं आणि रांगेत असलेलं पिटिशन नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. ते सेंटर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं, आणि तुमची मुलाखत घेणारा अधिकारीही त्याच खात्याचा. त्यांच्याच घरचा कागद त्यांच्यापासून लपवायचा?

आमचा पहिला नकार पिटिशनमुळे आला असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. त्या कागदावर खरं कारण लिहीत नाहीत, त्यामुळे सिद्ध काही करता येत नाही. पण आत काय झालं ते आईने सांगितलं होतं. किती दिवस राहणार विचारलं, तर बाबा म्हणाले, "सहा महिने, गरज पडली तर वाढवू." आईला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाबांनी दिलं. माझ्या मते मुलाखत तिथेच संपली.

२०१८ मध्ये मामांच्या पिटिशनचा नंबर लागला, सेंटरचं पत्र आलं. आईने स्पष्ट सांगितलं, मला तिकडे कायमचं जायचं नाही. अशा पत्राला वर्षभरात प्रतिसाद दिला नाही तर ते पिटिशन रद्द होऊ शकतं, हे तिला माहीत होतं. तरी तिने दिला नाही.

२०१९ मध्ये पुन्हा टुरिस्टचा अर्ज केला. या वेळी मी स्वतः भरला, आणि पिटिशनच्या प्रश्नाला पुन्हा 'हो'. पिटिशन सोडून दिलं असलं तरी उत्तर 'हो'च राहतं, कारण ते भरलं गेलं होतं का एवढंच विचारलेलं असतं. खाली खुलाशाची जागा असते, तिथे कुणी भरलं, कधी, आणि आता काय स्थिती आहे हे दोन ओळींत लिहिलं. मुंबईला मुलाखत मराठीत देता येते, तशी आईने दिली. बाबांना बजावलं होतं, तिला विचारलेल्याचं उत्तर तिलाच देऊ द्या.

पलीकडून विचारलं, "भावाने तुमच्यासाठी अर्ज केला होता?"

आई म्हणाली, "हो. नंबर आला तेव्हा मीच नको म्हटलं."

"का?"

"घरी सासूबाई आहेत. नव्वदीच्या. त्यांचं सगळं मीच बघते."

"मग आता त्यांच्याजवळ कोण?"

"नणंद येऊन राहणार आहे. तिला सहा आठवडेच जमतंय, म्हणून आम्ही सहा आठवडे चाललोय."

फाइल कुणी उघडायला सांगितली नाही. दोघांना दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. काका अजून म्हणतात की नशीब. मी म्हणते, पिटिशनवरचा प्रश्न आला आणि आईला त्याचं खरं उत्तर देता आलं, म्हणून मिळाला. आधी अर्जात 'नाही' लिहिलेलं असतं तर त्या क्षणी तिने काय बोलायचं होतं? माझी आई काउंटरवर उभी राहून खोटं बोलू शकत नाही. तुमचीही बोलू शकत नसणार.

तेव्हा तयारी करायचीच तर याची करा: परत का येणार हे आईला तिच्या शब्दांत सांगता येतंय का. पाठ केलेलं नको. जाण्याचे दिवस ठरलेले असू देत. आणि व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने देतात, आणि ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या नोंदीवर, असते. पोचल्यावर ती बघून ठेवा.

कागदपत्रांचं: पासपोर्ट, डीएस-१६० चं कन्फर्मेशन, अपॉइंटमेंटचं पत्र. पेन्शनचे, घराचे कागद न्यायचे तर न्या, बघतीलच असं नाही. निमंत्रणपत्र आणि स्पॉन्सरशिपचं अ‍ॅफिडेव्हिट टुरिस्ट व्हिसाला लागतच नाही, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातंच सांगतं. एजंट त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

एक सांगायचं राहिलं, मी वकील नाही. आईच्या आधीच्या एखाद्या अर्जात 'नाही' लिहिलं गेलं असेल तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, अमेरिकेत परवाना असलेल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. व्हिसा अधिकाऱ्यांनी पकडायच्या आधी स्वतःहून दुरुस्त केलं तर त्याला वजन असतं, म्हणून उशीर नको. आताचा अर्ज एजंटने सबमिट केला असेल तरी मुलाखतीआधी वेळ आहे. सबमिट झालेला अर्ज बदलता येत नाही, नवीन डीएस-१६० भरावा लागतो आणि त्याचा नंबर अपॉइंटमेंटच्या खात्यात बदलून घ्यावा लागतो. त्या खात्याचा पासवर्ड बहुधा एजंटकडेच असेल. तो आणि अ‍ॅप्लिकेशन आयडी, दोन्ही आजच मागून घ्या.