भिंतीवर वारली चित्रं काढली म्हणजे झालं का?

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी जव्हारजवळच्या वारली पाड्यावर अंगणवाडी डिझाइन करतेय. आरसीसीची इमारत आणि बाहेरून वारली चित्रं असा विचार आहे. एवढ्यानं आदिवासींचं ज्ञान डिझाइनमध्ये आलं असं म्हणता येईल का?
— विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही गं, एवढ्यानं नाही येत. चित्रं छानच दिसतील, पण मुळात तो लग्नघरात सवाष्णींनी तांदळाच्या पिठानं लिहिलेला देवीचा चौक, म्हणजे पूजेचं चौकोनी चित्र आहे, कंपाउंडवर ऑइलपेंटनं उठवायची नक्षी नाही. तू शोधतेयस ते ज्ञान चित्रामागच्या भिंतीत आहे. कारवी या झुडपाच्या काठ्या विणून केलेली भिंत म्हणजे कूड, त्यावर शेणमातीचा लेप, फटींतून हवा खेळती राहते, चुलीचा धूर कोंडत नाही आणि जाता जाता वासे-बांबूंना कीड लागू देत नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरलं की मरते, त्यामुळे यंदा कुठल्या डोंगरावर काठी मिळेल ते तिथल्या जाणत्यांनाच विचारावं लागतं. बांबूचंही तसंच, पाऊस संपल्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, मग वाहत्या पाण्यात भिजत ठेवायचा, त्यातला स्टार्च निघून जातो म्हणून भुंगा कमी लागतो.

आता हे सगळं जसंच्या तसं उचल असं मी म्हणत नाहीये. पाया, जोतं, संडास-बाथरूम खुशाल दगड-काँक्रीटमध्ये कर, तिथल्या पावसात ते बरंच. वरची भिंत, छप्पर, पडवी मात्र पाड्यातल्या लोकांबरोबर बसून ठरव, आणि तेही ड्रॉइंग काढायच्या आधी, तयार प्लॅन दाखवून "कसा वाटतो?" विचारलं की सगळे चांगला आहे म्हणतात आणि विषय संपतो. पावसाची झड कुठून येते, पोरं कुठे रमतात, देवाची जागा कुठली, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे सेविकेला आणि आयांना विचार.

जागा वनजमिनीची असेल तर 2006 चा वनहक्क कायदा वाच. अंगणवाडीला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन मिळू शकते, हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडता येत नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागतेच. म्हणजे त्यांना विचारणं हा तुझा मोठेपणा नाही, तो त्यांचा हक्कच आहे. आणि एस्टिमेटमध्ये कूड विणणाऱ्यांना, लिंपणाऱ्या बायांना हेल्पर लिहू नकोस, कारागीर लिही आणि मजुरीही तशीच लाव.

प्रश्न : आम्हाला घरकुल मंजूर झालंय. शेजारचं पत्र्याचं घरकुल उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं. आम्हाला मातीच्या भिंती आणि कौलं पाहिजेत, हप्ता अडकेल का?
— एक वाचक, मोखाडा

उत्तर : दादा, प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात कमीत कमी 25 चौरस मीटरचं, नीट देखभाल केली तर 30 वर्षं टिकेल असं घर लागतं, छप्पर पक्कं पाहिजे आणि भिंती तिथल्या हवामानात टिकणाऱ्या पाहिजेत. सिमेंटच वापरा अशी सक्ती नाही, आणि घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचंय, ठेकेदाराला द्यायचं नाही. तेव्हा कौलं चालतील, मातीची भिंत दगडी जोत्यावर घ्या, छप्पर चांगलं बाहेर काढा म्हणजे झड लागणार नाही. फक्त काम सुरू करायच्या आधीच पंचायत समितीच्या इंजिनिअरला नकाशा दाखवून लेखी होकार घ्या, कारण जोतं झाल्यावर वाद निघाला तर पुढचा हप्ता लटकतो.