अपघातानंतर गाडीवर बसवत नाही?

"हाड जुळलं, पण गाडीवर बसवत नाही. मन इतकं कच्चं कसं?" अपघातातून वाचलेली माणसं हे हमखास विचारतात. मन कच्चं नसतं. पहिला महिनाभर झोप उडणं, हॉर्नने दचकणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं स्वाभाविकच. बहुतेकांचं ते ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही, ते बहुधा काहीतरी टाळत असतात.

माझ्याकडे आलेल्या, पुण्याजवळच्या नऱ्ह्यातल्या एका गृहस्थांना (ओळखीचे तपशील बदलले आहेत) अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या नवले पुलाच्या उतारावर ट्रकने मागून उडवलं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी स्कूटर पार्किंगमध्ये धूळ खात होती.

"रोज प्रयत्न करतो हो. बसतो, छाती धडधडते, उतरतो."

"उतरल्यावर?"

"लगेच बरं वाटतं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

ते थांबले. "जास्तच धडधडतं... म्हणजे भीती उतरायच्या आत मीच उतरतोय."

हे त्यांचं त्यांना उमगलं, याचं मला फार मोल वाटतं. मी सांगितलं असतं, तर मान डोलावून घरी गेले असते.

मग क्रम ठरला. मेन स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर हेल्मेट घालून बसायचं, इंजिन बंद. भीतीला 0 ते 10 गुण द्यायचे. 8 वर असेल, तर 4 वर येईपर्यंत उतरायचं नाही. अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. सुरुवातीचाच आकडा 3 झाला, की पुढची पायरी: इंजिन चालू, मग कुणाच्या मागे बसून सोसायटीत फेरी, मग पहाटेची रिकामी गल्ली. हात थरथरत असताना रहदारीत शिरायचं नाही. मागे बसून डोळे मिटले, तर सराव वाया जातो, कारण 'डोळे मिटले म्हणून वाचलो' एवढंच मन शिकतं.

त्यांचं घोडं अडलं ते घरी. पत्नी काळजीपोटी म्हणायच्या, "राहू द्या ना, रिक्षाने जा." त्यांना बोलावून एवढंच सांगितलं: शेजारी उभ्या राहा, आकडा विचारा. अपघाताची सीसीटीव्ही क्लिप नातेवाइकांना दाखवणंही बंद करायला लावलं.

आता ते सर्व्हिस रोडने वारज्याला कामावर जातात. मुख्य उतार टाळतात, आणि तो टाळू नका असं मी म्हणणार नाही. तिथली धास्ती रास्त आहे.

महिना उलटूनही दुःस्वप्नं थांबत नसतील, दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर महिन्याची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.