लॉरी बेकर कोण होते? त्यांच्या पद्धतीने घर बांधलं तर खरंच स्वस्तात होतं का?

होतं, पण हल्ली 'बेकर स्टाइल' म्हणून जे विकलं जातं त्याने नाही. गिलावा न केलेल्या लाल विटा, गोल खिडक्या, वळणदार भिंती ही नक्कल रिसॉर्टवाले हौसेने करतात आणि साध्या घरापेक्षा जास्त पैसे घालवतात. बेकरांची बचत भिंतीच्या पोटात आणि स्लॅबच्या तळाशी होती.

आधी माणसाविषयी. जन्म २ मार्च १९१७, बर्मिंगहॅम. वास्तुकलेचं शिक्षणही तिथलंच. युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या वळणाचे, म्हणून दुसऱ्या महायुद्धात बंदूक न धरता रुग्णसेवेच्या पथकातून चीनला गेले. परतताना मुंबईत बोटीसाठी थांबावं लागलं आणि तिथे गांधीजी भेटले. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या मालातून बांधावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. १९४५ मध्ये कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यांच्या इमारतींसाठी भारतात आले. १९४८ ला डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न झालं आणि मग हिमालयातल्या पिठोरागढच्या डोंगरात पंधराएक वर्षं गेली. खरं शिक्षण तिथलं. दगड, माती आणि लाकूड गावकरी कसं वापरतात, ते बघून शिकले. १९६३ पासून केरळ. तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आणि बसस्टँडजवळचं चक्राकार चढत जाणारं इंडियन कॉफी हाउस ही कामं आजही बघता येतात. १९९० ला पद्मश्री. १ एप्रिल २००७ ला तिरुवनंतपुरममध्येच गेले.

आता भिंत. 'रॅट ट्रॅप बाँड' म्हणजे आत पोकळी ठेवून विटा रचायची पद्धत. ती बेकरांनी शोधलेली नाही, इंग्लंडमध्ये ती जुनीच. त्यांनी ती केरळच्या गवंड्यांच्या हाती रुजवली. आपली वीट धरा ९ × ४ × ३ इंच. ती आडवी न ठेवता ३ इंची बाजूवर उभी करायची, म्हणजे थर ४ इंचांचा. एक वीट भिंतीच्या जाडीत आरपार, मग दोन विटा समांतर, मध्ये ३ इंच पोकळी. पुन्हा एक आरपार. वरच्या थरात आरपार वीट खालच्या लांब विटेच्या मध्यावर आली पाहिजे. भिंत ९ इंचीच राहते, पण चार विटांच्या जागी तीन लागतात. सिमेंटही वाचतं, आणि पोकळीतल्या हवेमुळे खोली कमी तापते. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा, लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईखालचा) आणि स्लॅबखालचा थर मात्र भरीवच घ्यायचा.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त विटांत. आपल्याकडच्या बऱ्याच भट्ट्यांची वीट मापात एकसारखी नसते. उभ्या रचनेत तो फरक लपत नाही, एक बाजू ओळंब्यात आणली की दुसरी बाहेर येते. दुसरी चूक विजेच्या पाइपांची. भिंत झाल्यावर झिरी मारली की विटा फुटतात, कारण मागे पोकळी आहे. पाइप बांधतानाच आत सोडा. कोयना, किल्लारीसारख्या भूकंपाच्या पट्ट्यात कोपऱ्यांतल्या आणि चौकटींलगतच्या पोकळीत सळई टाकून काँक्रीट भरायचं, शिवाय काँक्रीटचे आडवे पट्टे हवेतच. आणि कोकणात असाल तर हा सगळा परिच्छेद विसरा. दारात चिरा (जांभा दगड) मिळत असताना घाटावरून विटा आणणं बेकरांना मुळीच पटलं नसतं.

फिलर स्लॅब म्हणजे खालच्या भागात काँक्रीटऐवजी कौलं भरलेला स्लॅब. त्याचं गणित वेगळं. दोन भिंतींच्या मध्यभागी स्लॅबच्या खालच्या भागावर ताण येतो. ताण सळई घेते, काँक्रीट तिथे फक्त सळई धरून ठेवतं. म्हणून सळयांच्या चौकटींत एकावर एक दोन मंगळुरी कौलं ठेवायची, दोन जोड्यांत साधारण ३ ते ४ इंच काँक्रीटची पट्टी सोडायची. पाडलेल्या घरांची जुनी कौलं चालतात. ती ओतकामाआधी चांगली भिजवलेली हवीत; कोरडी कौलं काँक्रीटमधलं पाणी ओढतात. ओतताना माणसं कौलांवरून चालली की तडे गेलेच, म्हणून वर फळ्या टाका. भिंतींवरच्या आणि लगतच्या पट्ट्यात कौलं नकोत. बाल्कनीच्या बाहेर आलेल्या भागात तर अजिबात नकोत, तिथे ताण वरच्या बाजूला येतो आणि खालचं काँक्रीटच दाब झेलत असतं. सळईचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. पंख्याचे हूक पट्टीत आधीच बसवा, कौलात ड्रिल केलेलं काही टिकत नाही.

गिलावा टाळायचा असेल तर छप्पर भिंतीबाहेर किमान दोन-अडीच फूट हवं आणि सांधे नीट दाबून भरलेले हवेत. नाहीतर जुलैत ओल आत येते आणि वर्षभरात गिलावा करावाच लागतो. मग वाचलेले पैसे तिथेच जातात. भिंतीत भोकं सोडून रचलेल्या विटांच्या जाळीतून वारा छान येतो, डासही येतात. आतून बारीक जाळी मारा.

बेकर आराखडे रद्दी कागदांच्या पाठीवर काढत आणि बरेच निर्णय साइटवर, गवंड्याशेजारी उभं राहून घेत. ठेकेदारावर सोडून दिलं तर निम्मी बचत जाते, कारण सवयीचा गवंडी पोकळीत मसाला (सिमेंट-वाळूचा गारा) भरून टाकतो. त्याला ३ इंच रुंदीची फळी द्या, मसाला पसरताना पोकळीवर ठेवायला. कामाआधी ४ फूट लांब, ३ फूट उंच नमुना भिंत बांधून घ्या आणि दुसऱ्या दिवशी वरून टॉर्च मारून आत बघा. तळाशी मसाल्याचा ढीग दिसला तर ती पाडून पुन्हा बांधायला सांगा.